मोठे मास्तर आणि साहेबांचं ओझं

“आज कितला धूर शेतस?”

मोठ्या मास्तरांचा दिवस या प्रश्नाने सुरू व्हायचा. आज किती धूर आहेत, असं ते आम्हाला विचारत आणि उत्तरही तेच देत. शाळेच्या दारात उभं राहून, डावा तळहात कपाळाला लावून ते समोरचे डोंगर बघत. गाव म्हटल्यावर तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे जे येतं तसं ते गाव नव्हतं. गल्ली नाही, वेस नाही. एका टेकाडावर एक घर, दुसरं हाकेच्या अंतरावर दुसऱ्या टेकाडावर, असे चार पाडे मिळून गाव. त्या घरांच्या छपरांतून निघणारा धूर बघून मास्तर शाळेची हजेरी आधीच सांगत. धूर उशिरा निघाला तर आई आजारी, म्हणजे थोरली मुलगी घरी राहणार. अंगणातही चूल पेटली तर पाहुणे आलेत, तिथलं कुणी येणार नाही. “आज एकोनीस,” असं म्हणून ते आत वळत, आणि मुलं अठरा नाहीतर एकोणीसच येत.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि हजेरीचं छापील पुस्तक बरोबर घेऊन आलो होतो. पहिले पंधरा दिवस मी त्यांना खोटं ठरवायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला.

ही दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या आधीच्या वर्षांची गोष्ट. अक्कलकुव्याच्या वर सात-आठ मैलांवर, डोंगरात ती शाळा होती. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन आणि एक फळा. त्या मुलखात तेव्हा लहान लहान भिल्ल राजांचा अंमल होता. खालच्या सपाटीवरच्या माणसांना तो भाग परका वाटे. मोठे मास्तर शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीचे, म्हणजे बैलगाडीने दोन दिवसांच्या वाटेवरचे. पण त्यांची म्हातारी आई गावात सगळ्यांना सांगायची, “मन्हा आंडोर परदेसमा शे.” आपला मुलगा परदेशात असतो, हे ती तक्रारीने सांगायची की अभिमानाने, ते मास्तरांनाही कधी कळलं नव्हतं.

मीही एका अर्थी परदेशातच आलो होतो. नाशिकला कॉलेजचं एक वर्ष करून, देशासाठी काहीतरी केलं पाहिजे असं वाटण्याच्या वयात धुळ्याच्या एका मंडळात नाव घातलं आणि त्यांनी मला इथे पाठवलं. माझ्याबरोबर नंदुरबारचा करीम होता. त्याच्या घरी कापूस पिंजण्याचा पिढीजात धंदा. तो मुलांना पिंजण आणि टकळी शिकवायचा. माझ्याकडे वाचन, लेखन आणि भूगोल होता. आम्ही दोघे लहान मास्तर. मोठे मास्तर काय शिकवत हे सांगणं मात्र अवघड आहे.

त्यांचं स्वतःचं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं. मुळात ते मास्तर नव्हतेच. तरुणपणी गाडी जुंपून जंगलातलं लाकूड खाली सपाटीवर आणायचे. झाडं तोडायला जी माणसं येत त्यांना वीसच्या पुढे मोजता येत नाही आणि ठेकेदार त्याचा फायदा घेतो, हे त्यांनी दोन हंगाम पाहिलं. तिसऱ्या हंगामात मुक्कामाच्या जागी, मोहाच्या बिया मांडून त्यांनी चार पोरांना शंभरपर्यंत मोजायला शिकवलं. पुढच्या वर्षी गाडी भावाला देऊन ते इथेच राहिले. आम्ही गेलो तेव्हा त्यांना तिथे नऊ वर्षं झाली होती. चाळिशी ओलांडलेले, उंच, पाठीत जरासे वाकलेले, टाचांना भेगा. धोतर, बंडी आणि धुऊन धुऊन पिवळी पडलेली टोपी. बोलणं अहिराणीत, पण मुलांशी बोलताना ते मुलांच्या भिली बोलीत जात आणि मग आम्हाला काही कळत नसे.

नव्या मुलाला पहिलं वर्षभर ते मराठीचा एक शब्दही शिकवत नसत. मूल मोजायचं, रेघा काढायचं, आपल्याच बोलीत गोष्ट सांगायचं. मला हे फुकट गेलेलं वर्ष वाटे. मी एकदा तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, “कोनले घाई शे, भाऊ?” मी त्यांच्या निम्म्या वयाचा होतो, तरी ते मला भाऊ म्हणत आणि अहोजाहो करत. घाई मलाच होती.

त्या वर्षी पौषात दोन कागद आले. पहिला जंगलखात्याचा. शाळेची झोपडी जंगलाच्या जमिनीवर आहे, शाळा सरकारमान्य नसेल तर पावसाळ्याआधी ती काढून टाकावी, असा हुकूम. दुसरा शाळाखात्याचा. आम्ही मान्यतेसाठी अर्ज केला होता, त्यावर डिपोटी साहेब माघात स्वतः तपासणीला येणार होते. त्या दिवशी पंचवीस मुलं हजर दिसली पाहिजेत. नाही दिसली तर मान्यता नाही, आणि मान्यता नाही तर झोपडीही नाही. नऊ वर्षांचा निकाल एका सकाळी लागायचा होता.

मास्तरांनी दोन्ही कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. नियमांची एक छापील पुरवणी बरोबर आली होती, तीही वाचायला लावली. ती कंटाळवाणी होती. मी भरभर वाचली. ते मधेच थांबवून एखादं कलम पुन्हा वाचायला सांगत. कुठलं, ते मी तेव्हा लक्षात ठेवलं नाही.

मग तयारी सुरू झाली. करीमने भिंतींना पांढरी माती फासली. मी स्वागताचं पद रचलं, ते आता आठवतही नाही याचं मला समाधान आहे. साहेबांना काय जेवायला घालायचं यावर आमची तीन दिवस चर्चा झाली. ते सोवळ्यातले असले तर करीमच्या हातचं चालणार नाही, माझ्या हातचं चवीमुळेच कुणाला चालत नसे. शेवटी मास्तर म्हणाले की भाकरी आणि उडदाची डाळ ते स्वतः करतील आणि पाणी उकळून ठेवतील.

एक गोष्ट राहिली होती. साहेबांच्या पत्राच्या तळाशी एक ओळ होती, की पायथ्यापासून वर सामान नेण्यास माणसांची व्यवस्था करावी. गाडीरस्ता पायथ्याला संपायचा, तिथून वर तीन मैल चढ. मास्तर सहज म्हणाले की सामान आपण तिघं आणू. मला ते पटलं नाही. शाळेचे शिक्षक हमालासारखे डोक्यावर ट्रंक घेऊन साहेबांपुढे चालणार, हे चित्र मला सहन होईना. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. आदल्या दिवशी दुपारी, मास्तर पीठ आणायला गेले असताना, मी एकटाच पोलीस पाटलाकडे गेलो आणि सकाळसाठी चार माणसं द्या म्हणून सांगून आलो. परत येताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

तुमच्यापैकी कुणी त्या काळात डोंगराच्या भागात राहिलं असेल तर मी काय केलं हे तुम्हाला आत्ताच कळलं असेल. मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी मास्तर दारात उभे राहिले. कपाळाला हात लावला. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मीही जाऊन शेजारी उभा राहिलो. माघातली स्वच्छ सकाळ होती, चारही पाडे लख्ख दिसत होते आणि एकाही घरातून धूर निघत नव्हता.

करीम पळत जवळच्या पाड्यावर गेला. तिथे एक आंधळी म्हातारी तेवढी होती. तिने सांगितलं की साहेब येतोय, पाटलाने चार माणसं मागितली आहेत. मागच्या वेळी एका जंगलसाहेबाने अशीच चार माणसं मागितली होती, तेव्हा ती पाचव्या दिवशी परत आली. मधे त्यांना ना भाकरी मिळाली ना मजुरी, आणि एकाचा खांदा कायमचा गेला. तेव्हापासून साहेब येणार म्हटलं की वेठ लागणार हे ठरलेलं. बापे, बाया, पोरं, शेळ्या, सगळे पहाटेच डोंगराच्या माथ्यावर जाऊन बसले होते. आमची शाळेची सगळी मुलंही तिकडेच.

मास्तरांनी विचारलं, पाटलाकडे कोण गेलं होतं. मी सांगितलं.

ते रागावतील असं मला वाटलं. खरं तर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

“बरं. आते चाला. साहेब वाट देखी ऱ्हायना व्हई.”

आम्ही खाली उतरलो. पाटलाची माणसं अर्थातच आली नव्हती. डिपोटी साहेब पायथ्याच्या झाडाखाली तट्टाशेजारी उभे होते. कृश, चष्मा लावलेले, पोटाच्या दुखण्याने गांजलेले गृहस्थ. मला वाटलं होतं तसे ते मुळीच नव्हते. गाडीतून वळकटी, एक पत्र्याची ट्रंक, दप्तराची पेटी आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या उतरवलेला होता. मास्तरांनी उपरण्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, तिच्यावर ट्रंक आणि ट्रंकेवर वळकटी चढवली. करीमने पेटी खांद्यावर घेतली. मी तांब्याकडे हात नेला तर मास्तर म्हणाले, “तुम्ही नही. तुम्ही साहेबनासंगे बोलत चाला.” आणि तांब्याही त्यांनीच हातात घेतला. मला तो टोमणा वाटला. मी तट्टाच्या बाजूने चालू लागलो.

शाळेकडे दोन वाटा होत्या. एक ओढ्याच्या कडेने, सावलीची, जवळची. दुसरी डोंगराच्या धारेवरून, मैलभर लांबची आणि उघडी. मास्तर धारेच्या वाटेला लागले. साहेबांनी मला विचारलं की जवळचा रस्ता नाही का. मी म्हटलं, ओढ्यात चिखल आहे. माघात चिखल कुठून असणार, पण साहेबांनी मान हलवली.

धारेवर पोचल्यावर मास्तरांनी हाळी द्यायला सुरुवात केली. डोंगरात एका टेकाडावरून दुसऱ्यावर आवाज पोचवायची एक रीत असते, शेवटचं अक्षर लांबवत नेतात. डोक्यावर एवढं ओझं असताना तो आवाज ते कुठून काढत होते कोण जाणे. दर वळणावर थांबायचे, समोरच्या माथ्याकडे तोंड करायचे आणि हाळी द्यायचे. साहेबांनी विचारलं, हा काय ओरडतो आहे. मी म्हटलं, जनावरं बाजूला व्हावीत म्हणून. मला भिली फारशी येत नव्हती, पण नावं कळत होती. दित्या. मंगळ्या. रुंजी. बुध्या. खात्र्या. मास्तर शाळेची हजेरी घेत होते. नावांच्या मधे एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं. त्याचा अर्थ मला नंतर करीमने सांगितला. ओझं आमच्या डोक्यावर आहे, तुम्ही शाळेत या.

लांबची वाट त्यांनी का घेतली हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं. ओढ्याच्या वाटेने गेलो असतो तर आम्ही कुणालाच दिसलो नसतो. नुसत्या सांगण्यावर त्या लोकांनी विश्वास का ठेवावा? त्यांना बघायला मिळायला हवं होतं. माथ्यावर बसलेल्या त्या सगळ्या माणसांना, तट्टावर साहेब आणि त्याच्या पुढे ट्रंकेखाली वाकलेले आपले मास्तर, असं ते तासभर दिसत राहिले.

पहिल्यांदा दित्या आला. झुडपातून निघून मास्तरांच्या मागे चालू लागला. पुढच्या वळणावर दोन मुली. मग एक बाप, दोन पोरं घेऊन, पण वाटेपासून लांब राहून, समांतर चालत. शाळेपाशी पोचलो तेव्हा नऊ मुलं होती. साहेब हातपाय धुऊन, मास्तरांनी उकळून ठेवलेलं पाणी पिऊन बसेपर्यंत सतरा झाली. बाकीची एकेक करून येत राहिली. काहींच्या केसांत गवत होतं. स्वागताचं पद म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

साहेबांनी वही उघडली आणि विचारलं, “मुख्याध्यापक कोण?”

मी मास्तरांकडे बघितलं. ते दारात उभे होते, घामाने बंडी पाठीला चिकटलेली, चुंबळ अजून डोक्यावरच. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, अगदी शुद्ध, पुस्तकी मराठीत, “हे आहेत, साहेब. आमचे हेडमास्तर.” आणि माझ्याकडे हात केला.

“आणि तू?”

“मी वरकाम बघतो.”

मी काही बोललो नाही. हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे आणि दरवेळी ऐकणारा म्हणतो की तुम्ही लहान होता, गोंधळला असाल. मी गोंधळलो होतो हे खरं. पण साहेबांनी माझं नाव वहीत लिहिलं तेव्हा मला बरंही वाटलं होतं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

तपासणी सुरू झाली. साहेब प्रश्न विचारत, मुलं त्यांच्याकडे न बघता दाराकडे बघत. दारात मास्तर पाण्याचा तांब्या घेऊन उभे. साहेबांचा प्रश्न संपला की ते जणू मुलांना पाणी हवं का विचारतात तसे, हलक्या आवाजात दोन शब्द बोलत, आणि मूल उत्तर देई. रुंजीने फळ्यावर तीन आकडी बेरीज केली. मंगळ्याने धडा वाचला आणि मग न विचारता त्यातली गोष्ट सांगितली. साहेबांना ती आवडली असावी. ते एकदा दाराकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमचा हा पाणक्या बराच हुशार दिसतो.”

मी हो म्हटलं.

साहेबांनी मुलं स्वतः मोजली. सत्तावीस भरली. मग ते मास्तरांनी केलेली भाकरी आणि डाळ जेवले. डाळ पुन्हा मागून घेतली. बऱ्याच दिवसांनी पोट दुखलं नाही असंही म्हणाले. ऊन कलायच्या आत निघायचं होतं. मास्तरांनी पुन्हा ट्रंक डोक्यावर घेतली आणि धारेच्याच वाटेने खाली नेली. पायथ्याशी साहेबांनी त्यांच्या हातावर दोन आण्यांची चवली ठेवली. मास्तरांनी ती घेतली आणि रामराम केला.

वर येताना मी त्यांना विचारलं, असं का केलं. ते पुढे चालत होते, मान मागे न वळवता म्हणाले, “मी चौथी पास शे, भाऊ. कागदवर मन्हं नाव गयं तर शाळा जाई.”

पुरवणीतलं कलम ते होतं. मुख्याध्यापक किमान मॅट्रिक असावा, आणि कमी शिकलेल्या माणसाने वर्गावर उभं राहू नये. मीच ते त्यांना वाचून दाखवलं होतं, दोनदा.

मान्यतेचं पत्र वैशाखात आलं. झोपडी वाचली. शेजारी चार गुंठे जागाही मिळाली. पत्रात मुख्याध्यापक म्हणून माझं नाव होतं, हस्तउद्योगासाठी करीमचं. तिसरं नाव नव्हतं. पाड्यांवरून माणसं येऊन कागदावरचा शिक्का बघून गेली. मास्तरांनी सगळ्यांना गूळ वाटला आणि पत्राला डिंकाने पुठ्ठा लावून ते कुडाला टांगलं.

पावसाळ्यात शाळा भरली तेव्हा ते ठरल्याप्रमाणे वरकामच करत होते. पाणी भरायचे, सारवण करायचे, मुलांच्या जखमा धुवायचे. वर्गात पाय टाकत नसत. साहेब कधीही येतील म्हणून नव्हे, दिलेला शब्द म्हणून. मी फळ्यापुढे उभा राहून शिकवायचो आणि मुलं माझ्या प्रश्नावर मान वळवून बाहेर बघायची. ते विहिरीवर असले तर विहिरीकडे, आणि सरपण फोडत असले तर तिकडे. मी चिडायचो. एकदा मी दार लावून घेतलं. मुलं दाराकडे बघत बसली.

त्याच आठवड्यात मास्तरांनी आपली वळकटी बांधली. मी अडवलं, म्हणजे अडवल्यासारखं केलं. ते म्हणाले, “पोरे मन्हाकडे देखतस. मी आठे शे तवलोंग तुमनं कोनी ऐकस नही.”

मी विचारलं, ते इथे नसतील तर आमचं कसं होईल. ते म्हणाले की मी शिकलेला आहे, माझ्यामुळे शाळा पुढे जाईल. आता घाई करायची नाही, इथेच राहायचं आणि बोली शिकून घ्यायची. त्यांना हे बोलताना जड जात होतं, आणि मला ऐकताना. पावसाने जरा उघडीप दिल्यावर ते निघाले. त्या दिवशी शाळा भरलीच नाही. मुलं त्यांच्याबरोबर पायथ्यापर्यंत गेली आणि दुपारी परत आली.

त्यानंतर मी साडेचार महिने राहिलो.

दिवाळीच्या सुमारास वडिलांचं पत्र आलं, नाशिकच्या एका हायस्कूलात जागा होती. मंडळाने धुळ्याहून ट्रेनिंग झालेले एक शिक्षक माझ्या जागी पाठवले. सज्जन होते. मी त्यांच्या हाती किल्ली आणि हजेरीचं पुस्तक दिलं. करीम राहिला. तो पुढेही पुष्कळ वर्षं तिथेच राहिला. निघताना त्याने मला एवढंच सांगितलं की वाटेत ब्राह्मणपुरीला उतर आणि मोठ्या मास्तरांना माझा सलाम सांग. नाही म्हणणं शक्य नव्हतं.

ब्राह्मणपुरीत मास्तर शेतातच भेटले. भुईमूग काढणं चाललं होतं. मला बघून ते बांधावर आले, हात पुसले, मला घोंगडीवर बसवलं. करीमचा सलाम पोचवला. मग ते विचारू लागले. दित्याचा कान फुटायचा थांबला का? बुध्याला भागाकार जमला का? रुंजीचं लग्न ठरवत होते, ते मोडलं की झालं? खात्र्याच्या बापाने दारू कमी केली का? हजेरीच्या क्रमाने एकेक नाव घेत होते. मी सुरुवातीला उत्तरं दिली. मग बरं आहे, ठीक आहे म्हणू लागलो. काही मुलांबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. ती रोज माझ्यासमोर बसत होती, एवढंच.

माझी ट्रंक खाली रस्त्यावर गाडीत होती, ती त्यांना दिसत नव्हती. त्यांना वाटलं, मी सुट्टीत घरी जाऊन परत येणार.

“परत कव्हय जाशात?”

बांधावर मी एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं. मी काही चोरी केली नव्हती. माझ्यासारखे पुष्कळ जण वर्ष-दीड वर्ष काम करून परत गेले होते. पण ज्यांनी माझ्यासाठी जागा रिकामी केली त्यांच्या तोंडाकडे बघून मला ते वाक्य काढता येईना. मी म्हटलं, आठ दिवसांनी.

ते उठले. ढिगातल्या शेंगा हाताने निवडायला बसले. पोचट बाजूला, भरलेल्या वेगळ्या. मी म्हटलं, राहू द्या, ओझं होईल. त्यांनी ऐकलं नाही. निवडलेल्या शेंगा फडक्यात घातल्या, पायलीभर तरी असतील. फडक्याची दोन टोकं घट्ट बांधली, गाठ दातांनी ओढली आणि गाठोडं माझ्या हातात दिलं.

“पोरेसले द्या. शाळा सुटनी का मंग वाटज्यात.”

मी हो म्हटलं. ते बांधाच्या टोकापर्यंत पोचवायला आले. मी गाडीत बसलो, दोंडाईच्याला आगगाडी धरली. करीमकडून त्यांना नंतर सगळं कळलं असणारच. मला त्यांनी कधी पत्र पाठवलं नाही, आणि मीही त्यांना लिहिलं नाही. काही वर्षांनी ते गेल्याचं करीमच्या एका कार्डातून समजलं.

शेंगा नाशिकला आमच्या घरी तीन आठवडे पुरल्या. आईने काही भाजल्या, उरलेल्यांचं कूट केलं. सगळ्यांनी विचारलं, कुठून आणल्या, फार छान आहेत.